ज्यांचं माणूस बरं झालं नाही, त्यांचीही साक्ष ऐकू या

आमच्या मिरजेत साक्षीची सभा, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची सभा, असली की हॉल भरतो. कुणाची गाठ विरघळली, कुणाला नोकरी लागली, कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली. लोक 'हालेलूया' म्हणतात, मीही मनापासून म्हणते. देव हे करतो यावर माझा विश्वास आहे. पण उपासतापास, प्रार्थना सगळं करूनही ज्यांचं माणूस गेलं, त्यांना माईकपाशी कुणी बोलावत नाही. त्यांना देवाचा अनुभव आलाच नाही, असं आपण धरून चाललोय का?

मला तर वाटतं, देवाला जवळून ओळखणारे आपल्यात जे कोणी आहेत, त्यांतले बरेच याच लोकांत सापडतील.

मी जन्माने ख्रिस्ती. डॉ. वानलेसांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात माझी आजी नर्स होती. संडे स्कूल, पाठ केलेली वचनं, नाताळच्या करंज्या, सगळं यथासांग. विश्वास मला आडनावासारखा आपसूक मिळाला होता. खोटा नव्हता तो, पण माझा स्वतःचाही नव्हता.

पप्पांच्या शेवटच्या आजारपणात मी रात्री वॉर्डात बसायचे. ऑक्सिजनच्या बाटलीतले बुडबुडे तेवढे ऐकू यायचे. एके रात्री त्यांनी खुणेनं स्तोत्र म्हणायला सांगितलं. बायबलमधलं 23 वं म्हणायला लागले. मृत्यूच्या दरीपाशी आले आणि घशातून आवाजच फुटेना. पप्पांनी मास्क जरा बाजूला केला आणि पुढचं स्वतः म्हटलं, 'कारण तू माझ्याबरोबर आहेस.' मग मास्क परत लावून घेतला. उजेड पडला नाही, आकाशवाणी झाली नाही. पण कॉटभोवतीच्या त्या पडद्याआड आम्ही दोघंच नाही, हे मला लख्ख कळलं. हातापायांचं कापणं थांबलं. मनाची समजूत म्हणा हवं तर. त्याआधी कितीतरी रात्री मी मनाची समजूत घालत होते, तिनं काही कापणं थांबलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पप्पा गेले. घरी भेटायला आलेल्या एकांनी विचारलं, 'विश्वास कुठं कमी पडला का?' दुःखात असलेल्या माणसाला असं विचारणं हे क्रौर्य आहे, आणि बायबलला सोडूनही आहे. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे' एवढंच उत्तर मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची आपली छाती आहे का?

पंडिता रमाबाईंचंच बघा. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, 1882 मध्ये पती. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उमगलं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. शास्त्रं कोळून प्यालेली बाई हे सांगते! आणि तो भेटल्यावर दुःखं संपली म्हणावं, तर 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. तरी निराधार बायकामुलींसाठी काढलेलं केडगावचं मुक्ती मिशन आणि बायबलचं भाषांतर त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. मला ही साक्ष कुठल्याही चमत्काराइतकीच मोठी वाटते.

आपल्या शेजारी साताऱ्यात 1917 साली ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही प्रकारच्या येशूभक्तांसाठी. चर्चच्या रजिस्टरात नाव आहे का, यापेक्षा येशूशी तुझं नातं काय, हे त्यांना महत्त्वाचं वाटलं. आपण मात्र आजही आजोबांच्या विश्वासावर दिवस काढतो. बोलाचाच भात, बोलाचीच कढी.

अनुभवाच्या नावाखाली काहीही खपतं, हा आक्षेप मला मान्य आहे. भावनेचा भर ओसरला की मागे काय उरतं, ते बघावं. झाड फळांवरून ओळखा, असं येशूनंच सांगितलंय. माझ्यापुरतं सांगते, आता मला पेशंटच्या माणसांना 'बरं होईल, विश्वास ठेवा' असं सहज म्हणवत नाही. डबा नेते, शेजारी बसते, त्यांना हवं असेल तर स्तोत्र म्हणते. पूर्वी दवाखान्याच्या पायऱ्या चढायलाही मी घाबरायचे.

पाळकसाहेब आणि कमिटीतले सगळे ही पोस्ट वाचतात, म्हणून इथंच विनंती करते. पुढच्या साक्षीच्या सभेत मला पाच मिनिटं द्या. मला पप्पांविषयी बोलायचंय. आणि आपल्या मंडळीत अशी आणखी जी घरं आहेत, त्यांनाही आधी घरी जाऊन विचारा. बोलायची इच्छा असेल, तर त्यांनाही वेळ द्या.