बालहक्क करार: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

नात्यागोत्याच्या आणि सोसायटीच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतोय. सारांश असा: संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे, अमेरिकेनं स्वतः त्यावर सही केलेली नाही, त्यानं आईबापांचा मुलांवरचा अधिकार जातो, आणि त्या कागदानं एकाही मुलाचं भलं झालेलं नाही. चांगली शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

अमेरिकेचा मुद्दा आधी निकालात काढू. सही १९९५ सालीच झाली आहे, सिनेटची मंजुरी मात्र नाही. ही त्या देशाला लाज आणणारी गोष्ट आहे. पण मुलांना युद्धात उतरवण्याविरुद्धचा आणि मुलांच्या विक्रीविरुद्धचा असे याच कराराचे दोन पूरक करार अमेरिकेनं २००२ मध्ये मंजूर केले. मूळ करार आज त्यात सामील झालेल्या १९६ देशांना बांधतो.

‘पाश्चात्त्य’ म्हणाल, तर १९७८ मध्ये पहिला मसुदा मांडला तो त्या वेळच्या साम्यवादी पोलंडनं. आणि आपल्याकडे काय होतं? पुण्यात फुले दांपत्यानं १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या राष्ट्रसंघाचा (लीग ऑफ नेशन्सचा) बालहक्क जाहीरनामा १९२४ चा. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते १९१७ मध्ये, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवून. पुढे १९९६ मध्ये मुंबईत जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकारानं संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही फोनवरची चाइल्डलाइन सुरू झाली आणि त्याच बाईंनी २००३ मध्ये अशा हेल्पलाइनींचं जागतिक जाळं उभं केलं. मुंबईतून जगात गेलेली गोष्ट आहे ही!

आईबापांचा अधिकार जातो म्हणणाऱ्यांनी करार उघडून पाहावा. मूल वाढवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांचीच, असं कलम १८ सांगतं. कलम १९ मात्र मुलाला मारझोड आणि अत्याचारापासून संरक्षण देतं, मग ते करणारे घरचे का असेनात. जातो तो मारण्याचा अधिकार, आणि तो गेलाच पाहिजे.

आता ‘कुणाचंच भलं झालं नाही’. भारत या करारात ११ डिसेंबर १९९२ रोजी सामील झाला. तोवर आपला १९८६ चा बालन्याय कायदा सोळा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बालक मानत नव्हता, मुलीला मात्र अठरापर्यंत मानत होता. २००० च्या कायद्यानं दोघांनाही अठरा ही मर्यादा लावली आणि उद्देशिकेतच या कराराचा हवाला दिला. (२०१५ मध्ये सोळा ते अठरा वयाच्या मुलांसाठी घृणास्पद गुन्ह्यांपुरती तिला कात्री लागली, हे मला खुपतं.) मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या उद्देशिकेतही हाच करार आहे.

देशादेशांतलं सहकार्य प्रत्यक्षात चालतं कसं, ते बघा. एखाद्या तालुक्याच्या गावात कुणी लहान मुलीच्या अत्याचाराची चित्रफीत समाजमाध्यमावर चढवतो. तिनं तोंड उघडलेलं नसतं, घरच्यांना पत्ता नसतो. अमेरिकन कायद्यानुसार, असं काही आढळलं की त्या कंपनीला हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या तिथल्या राष्ट्रीय केंद्राला कळवावंच लागतं. आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) भारतातला निघाला की माहिती इकडे येते. २०१९ मध्ये आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानं त्या केंद्राशी तसा करार केला. तिथून राज्याचा सायबर विभाग, मग जिल्हा, मग पोलीस ठाणं. महाराष्ट्रात पोलिसांच्या ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ या मोहिमेखाली अशाच माहितीवरून गुन्हे दाखल झाले. ही साखळी नसेल, तर त्या मुलीपर्यंत कोण पोहोचणार होतं?

कराराला स्वतःचे पोलीस नाहीत, हे खरं. गाझा आणि सुदानमध्ये मुलं मरताहेत आणि करार त्यांना वाचवू शकलेला नाही, हेही खरं. तरीही आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा २०१२ मधला पहिलाच निकाल काँगोतला बंडखोर म्होरक्या थॉमस लुबांगा याच्याविरुद्ध होता: पंधरा वर्षांखालच्या मुलांना लढायला लावल्याबद्दल त्याला १४ वर्षांची कैद झाली.

भांडायचंच असेल, तर जागा आहे. देशात दाद मिळाली नाही तर मुलांना थेट संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे तक्रार करता यावी, यासाठी २०११ चा तिसरा पूरक करार आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. त्याबद्दल आपल्या खासदाराला विचारा.