शहर कशाला भ्यायले होते, हे त्याच्या घरांना विचारावे

युरोपच्या सहली आता आपल्याकडे नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. पुण्या-मुंबईप्रमाणेच सांगली, नाशिक, जळगावहूनही लोक आठ-दहा दिवसांत पाच-सहा शहरे पाहून येतात आणि परतल्यावर जे सांगतात, त्यात बहुधा एक मनोरा, एक चर्च, एक राजवाडा आणि एक पूल असतो. या वास्तू पाहू नयेत, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु शहराची खरी कुंडली मांडायची असेल, तर रस्त्याच्या कडेला एकसारखी उभी असलेली, ज्यांच्यासमोर कुणी फोटोसाठी थांबत नाही अशी राहती घरे पाहावीत, असे माझे ठाम मत आहे. बांधणाऱ्याला काय मिरवायचे होते, ते राजवाड्यावरून कळते. त्या शहरावर कोणते संकट कोसळले, लोक कशाला घाबरले आणि पुन्हा तसे होऊ नये म्हणून त्यांनी काय केले, हे मात्र घरांच्या रांगेवरूनच समजते.

हे मला सर्वांत स्पष्टपणे जाणवले ते पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये.

लिस्बनच्या मध्यभागी, नदीकाठच्या भव्य चौकापासून आत जाणारा बाइशा नावाचा सखल भाग आहे. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या इमारती, तळमजल्यावर दगडी कमानींची दुकाने आणि वर ओळीने सारख्याच खिडक्या. बहुतेक प्रवासी येथे कॉफी पितात, खरेदी करतात आणि अल्फामाच्या वाकड्यातिकड्या, चढणीच्या गल्ल्यांकडे निघून जातात, कारण चित्रात शोभावे असे सौंदर्य तिकडे आहे. बाइशा मात्र त्यांना कोरडी, सरकारी वाटते. माझ्या दृष्टीने हा जगातील अत्यंत हृदयस्पर्शी वस्त्यांपैकी एक भाग आहे.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी सकाळी साडेनऊ वाजून गेल्यावर, चर्चमध्ये लोक दाटीवाटीने जमलेले आणि वेदींवर मेणबत्त्या पेटलेल्या असताना लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. जे वाचले, त्यांतील अनेक जण पडत्या भिंतींपासून दूर म्हणून नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले आणि थोड्याच वेळात समुद्राच्या लाटा नदीच्या मुखातून आत शिरल्या. त्यानंतर आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. राजवाडा गेला, ग्रंथसंग्रह गेला, हजारो माणसे गेली. राजा जोझे पहिला याने तर दगडी छताखाली राहण्याचा धसकाच घेतला. आजुदाच्या टेकडीवर लाकूड आणि कापड यांचा महाल उभारून तो १७७७ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला.

शहर पुन्हा उभे करण्याची जबाबदारी ज्या मंत्र्याने उचलली, तो पुढे पोंबालचा मार्केस म्हणून ओळखला गेला. (गोव्यातील वाचकांना हे नाव ओळखीचे असेल. १७७४ मध्ये तेथील इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, काही काळ बंद झाले, ते त्याच्याच कारभारात.) त्याच्या हाताशी मुख्य अभियंता म्हणून मनुएल द माया हा ऐंशीच्या घरातला म्हातारा होता. या गृहस्थाने महिना-सव्वा महिन्यात सरकारपुढे पर्याय मांडायला सुरुवात केली: शहर जसेच्या तसे बांधावे, रस्ते रुंद करून बांधावे, घरांची उंची कमी ठेवावी, सखल भाग पूर्ण सपाट करून नव्याने आखावा, किंवा हे सगळे सोडून बेलेमच्या बाजूला दुसरे शहर वसवावे. सखल भाग नव्याने आखण्याचा पर्याय स्वीकारला गेला. पडझडीचा राडारोडा पसरून जमिनीची पातळी उचलली गेली, आणि एउजेनियु दुस सांतुश व कार्लुस मार्देल यांनी आराखडे तयार केले. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के देणगी देऊ केली, आणि जेथे राजवाडा होता, त्या चौकाचे नाव व्यापार चौक असे झाले. १७६० मध्ये कोणत्या रस्त्यावर कोणता व्यवसाय चालेल, हेही ठरवून दिले गेले. सोनारांचा, चांदीवाल्यांचा, चांभारांचा आणि कापड व्यापाऱ्यांचा रस्ता ही नावे आजही पाट्यांवर आहेत.

पण या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट भिंतींच्या आत आहे आणि ती सहसा दिसत नाही. मला ती दिसली, कारण दुरुस्ती चाललेल्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या भिंतीचा गिलावा काढलेला होता. मनगटाहून जाड लाकडी उभे खांब, त्यांना जोडणारे आडवे वासे, आणि त्यांनी बनलेल्या प्रत्येक चौकटीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या फळ्या, म्हणजे गुणिलेच्या खुणेसारखी फुली. फुल्यांच्या मधल्या त्रिकोणांत दगडांचे तुकडे, विटा आणि चुना भरलेला. अशी जाळी संपूर्ण घराच्या आतून फिरते. तळमजल्यावर दगडी कमानी, आणि त्यांच्या वर हा लाकडी सांगाडा. पोर्तुगीज त्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली, तर लाकूड थोडे वाकेल, पण सांधे सुटणार नाहीत, आणि भिंतीतले दगड गळून पडले, तरी मजले सांगाड्यावर टिकतील, असा त्यामागचा विचार होता. नमुन्याचा सांगाडा चौकात उभा करून त्याच्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवली आणि तो हलवून पाहिला, असे तेथे सांगितले जाते. भूकंपाचा विचार करून एका संपूर्ण वस्तीसाठी सक्तीने राबवलेल्या बांधकामपद्धतींच्या जगातील अगदी पहिल्या उदाहरणांत तिची गणना होते.

आणखी एक गोष्ट रस्त्यावरूनच पाहता येते. मान वर करून छपरांची ओळ पाहिली, तर दोन घरांमधली सामाईक भिंत कौलांच्या वर हातभर निघालेली दिसते. आग एका छपरावरून दुसऱ्यावर जाऊ नये, म्हणून ती तशी ठेवली आहे. पायाखाली तर याहून मोठे आश्चर्य आहे. ही सगळी वस्ती ओल्या, गाळाच्या जमिनीत ठोकलेल्या पाइनच्या खांबांवर उभी आहे, आणि ते लाकूड भूजलात बुडालेले आहे तोवरच कुजत नाही. खोगीर-लगाम बनवणाऱ्यांच्या रस्त्यावरील एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन करून ते खांब पाहण्यासाठी खुले ठेवले आहेत. ज्यांना लिस्बनमध्ये फक्त एक तास मिळणार असेल, त्यांनी तो तास येथे द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन.

भिंतीतली ती फुली पाहताना मला किल्लारी आठवल्याशिवाय राहिली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपलेले असताना पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे कोसळली आणि हजारो माणसे मातीखाली गेली. तो भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांच्या तुलनेत मध्यम तीव्रतेचा होता. माणसे मेली, ती मुख्यतः मातीच्या चिखलात रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वरच्या माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. तरीही त्याच घरांपैकी कित्येकांत खांब-तुळयांचे लाकडी खण भिंती ढासळल्यानंतरही उभे राहिले होते. म्हणजे आपल्या सुतारांकडे लाकडी सांगाडा होता. त्यात तिरके आधार आणि भिंतीशी पक्की बांधणी यांची जोड देण्याची सक्ती करणारे कुणी आपल्याकडे वेळीच झाले नाही. भूकंपानंतर अनेक कुटुंबे पक्क्या घराच्या शेजारी पत्र्याची शेड उभारून तिच्यात झोपत असत. लिस्बनच्या राजाला ज्या भीतीने टेकडीवरच्या लाकडी महालात नेऊन बसवले, तीच ही भीती होती, आणि तिच्यापुढे राजा व शेतकरी यांत काही फरक उरला नव्हता.

लंडनची गोष्ट थोडक्यात सांगतो. १६६६ च्या आगीत तेरा हजारांहून अधिक घरे जळाल्यावर, पुढच्याच वर्षीच्या कायद्याने नवी घरे विटांची किंवा दगडाची असावीत असे ठरले आणि रस्त्याच्या रुंदीनुसार घरांचे चार वर्ग केले गेले. पुढे १७०९ च्या कायद्याने खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून चार इंच आत घेण्याची सक्ती झाली, आणि १७७४ च्या कायद्याने ती चौकट विटांच्या मागे जवळजवळ लपवायला लावली. त्यामुळे लंडनमधल्या जुन्या घराची खिडकी किती खोल बसली आहे, हे पाहून ते साधारण कोणत्या काळातले असेल, याचा अंदाज रस्त्यावर उभ्या उभ्या बांधता येतो.

आगीची आणि भूकंपाची भीती अशी भिंतीत शिरते. रोगाची भीती मात्र मोकळ्या जागेत दिसते. त्यासाठी बार्सिलोनाला जावे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे शहर तटबंदीच्या आत कोंडलेले होते आणि कॉलऱ्याच्या साथी त्यात वारंवार येत. १८५४ मध्ये तट पाडायला सुरुवात झाली. इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याने कामगारांची घरे, मजुरी आणि मृत्यू यांची बारकाईने आकडेवारी गोळा करून मग नव्या शहराची आखणी केली, आणि १८५९ मध्ये ती माद्रिदच्या सरकारने मंजूर केली. सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस ठोकळे, वीस मीटर रुंदीचे रस्ते, सोळा मीटरपर्यंतच्या इमारती आणि ठोकळ्याच्या फक्त दोन बाजूंना बांधकाम करून मध्ये बाग, अशी त्याची योजना होती. प्रत्येक चौकातले कोपरे त्याने तिरके कापले, म्हणजे वाहनांना वळायला आणि माणसांना उजेडाला जागा मिळावी. सग्रादा फमिलिया पाहायला जाणाऱ्यांनी क्षणभर त्या चर्चकडे पाठ करून उभे राहावे, अशी माझी विनंती आहे. ते चर्च ज्यात बसले आहे, तो सेर्दाचाच एक ठोकळा आहे. वास्तुकार गौदीच्या ‘कासा मिला’ या इमारतीची लाटांसारखी वळणारी भिंत सेर्दाने कापलेल्या अशाच एका कोपऱ्यावर उभी आहे. जमीनमालकांनी पुढे चारही बाजू बांधून काढल्या आणि बागांच्या जागी कारखाने व गोदामे आली, ही या गोष्टीतली वेदना आहे. १९८० च्या दशकापासून त्यांतील काही अंगणे महापालिकेने पुन्हा मोकळी केली, हे तितकेच महत्त्वाचे.

रोगाच्या भीतीने मोकळ्या जागा राखणे मुंबईतही घडले, आणि हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान प्रथम करणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोमंतकीय होते. त्या साथीने मुंबई अक्षरशः रिकामी होऊ लागली, तेव्हा १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीच्या वस्त्यांतून रस्ते फोडताना त्याने अनेक गरिबांना बेघर केले, आणि हे विसरून त्याचे गुणगान करणे योग्य होणार नाही. परंतु प्रत्येक खोलीत उजेड आणि वारा पोहोचला पाहिजे, याचे गणित त्याने मांडले. समोरच्या इमारतीचा माथा ठरावीक कोनाच्या वर जाऊ नये, हा ६३.५ अंशांचा नियम त्यातूनच आला. सोप्या शब्दांत, दोन इमारतींमध्ये उंचीच्या निदान निम्मे अंतर हवे. दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच बागा ही त्याच ट्रस्टची आखणी आहे. दुपारी हिंदू कॉलनीतून चालताना दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून वाऱ्याची झुळूक येते, तेव्हा प्लेगला घाबरलेल्या शहराने आपल्यासाठी राखून ठेवलेली ती जागा असते. आपण तिला ‘वाया गेलेली जागा’ म्हणतो आणि पुनर्विकासाच्या नकाशात सर्वांत आधी तिलाच कात्री लावतो.

लिस्बनमध्येही असेच काही चालले आहे. बाहेरची सुंदर भिंत जपून आतला पिंजरा उपटून टाकायचा आणि काँक्रीटचे मजले घालून हॉटेल किंवा पर्यटकांसाठी सदनिका काढायच्या, हा तेथील नूतनीकरणाचा एक प्रकार झाला आहे. फोटोत इमारत पूर्वीसारखीच दिसते आणि अडीचशे वर्षांपूर्वी जे शिकून घेतले होते, ते राडारोड्याच्या ट्रकमधून निघून जाते.

आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे असे मला वाटते. प्लेगनंतरच्या वस्त्यांतील कोणतीही इमारत पाडण्याची परवानगी देताना तिची मोजमापे घेऊन तयार केलेले नकाशे, तिच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेच्या नोंदी आणि छायाचित्रे महापालिकेकडे जमा करण्याची अट असावी, आणि ती कोणाही नागरिकाला पाहता यावीत. मराठवाड्यात अजून उभी असलेली माळवदाची, लाकडी खणांची घरेही याच पद्धतीने नोंदली जावीत. वास्तुकला महाविद्यालयांतील विद्यार्थी जुन्या वास्तूंची मोजणी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करतातच. त्यांना किल्ले आणि वाडे यांच्या जोडीने दादरची एखादी तीन मजली इमारत आणि औसा-निलंग्याकडचे एखादे माळवद मोजायला लावणे, एवढाच बदल करायचा आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.