नावं सांगणारा माणूस: विलिस कोनोव्हर

रेडिओवरून जॅझ पोचवायचं तर निवेदकाने कमी बोलावं, पण कलाकारांची नावं पूर्ण सांगावीत, या मतावर मी ठाम आहे. विलिस कोनोव्हर या अमेरिकी जॅझ-निवेदकाने आयुष्यभर हेच केलं. 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या अमेरिकी सरकारच्या, परदेशी श्रोत्यांसाठीच्या रेडिओवर जानेवारी १९५५ मध्ये त्याचा कार्यक्रम सुरू झाला, आणि १९९६ साली तो गेला तोवर हे काम त्याने सोडलं नाही. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडचं 'टेक द ए ट्रेन' वाजायचं, मग तो खर्जातला, संथ आवाज. त्यात राजकारण नाही, फक्त संगीत.

त्याच्या संथपणाचं एक कारण सगळ्यांना ठाऊक आहे: श्रोत्यांना इंग्रजी जेमतेम यायचं. पण तो संथपणा शॉर्टवेव्हवरही, म्हणजे दूरदेशी पोचणाऱ्या ज्या रेडिओलहरींवर हा कार्यक्रम ऐकला जायचा त्यांवरही, फार कामी येतो. शॉर्टवेव्हच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून वेगवेगळ्या वाटांनी रेडिओपर्यंत येतात. कधी त्या एकमेकींना बळ देतात, कधी खोडतात. त्यामुळे आवाज काही सेकंद बसतो, फाटतो, पुन्हा वर येतो. भरभर बोललात तर नेमकं सॅक्सोफोनवाल्याचं नाव बुडतं. सावकाश बोललात, रेकॉर्डच्या आधी आणि नंतरही नाव घेतलंत, तर एकदा तरी ते हाती लागतं. शिवाय साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचे, म्हणजे फार उंच पट्टीतले, आवाज फारसे पोचत नाहीत. सिंबलची, म्हणजे ड्रम्सबरोबरच्या झांजेची, चमक जाते, छोट्या स्पीकरवर डबल बास हरवतो. ट्रम्पेट मात्र तग धरतो.

कोनोव्हर 'व्हॉइस ऑफ अमेरिका'चा पगारी नोकर नव्हता, कंत्राटावर होता. काय वाजवायचं हे तोच ठरवायचा, आणि माझ्या मते या कामाचा प्राण तिथेच आहे. १९५९ साली तो पोलंडला गेला तेव्हा विमानतळावर चाहत्यांची गर्दी होती. मायदेशात मात्र तो जवळजवळ अनोळखी राहिला, कारण १९४८ च्या कायद्यामुळे हे प्रसारण अमेरिकेतल्या लोकांसाठी नव्हतंच. याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या आकाशवाणीवर शास्त्रीय गायनानंतर तबल्याच्या आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावं सांगतात. जॅझलाही तेच हवं: बासवर कोण, ड्रम्सवर कोण, रेकॉर्डिंग कोणत्या साली झालं. ड्रमर बदलला की तीच धून वेगळी चालते, हे श्रोत्याला नावांमुळेच कळायला लागतं.

आज कुणी असा कार्यक्रम करणार असेल तर एकट्या वादकाचा सोलो चालू असताना त्यावर बोलू नका, आणि वेळ भरला म्हणून रेकॉर्डचा आवाज मध्येच उतरवून ती बंद करू नका. रेकॉर्ड किती मिनिटांची आहे ते आधी मोजून निवडा. स्टेशनचा कॉम्प्रेसर, म्हणजे हळू-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं यंत्र, सैल ठेवायला सांगा. तो घट्ट असला की हळू वाजणारा पियानो ओढून वर आणतो, त्याच्याबरोबर जुन्या टेपची खरखरही वर येते, आणि ड्रम्सचा ठोका पडला की सगळा बँड दबतो. प्रसारणात शांतता पडली की ती ओळखणाऱ्या यंत्रणेची पातळी खाली घ्या, ती किती वेळ थांबते तेही वाढवा. नाहीतर बासचा हळुवार सोलो सुरू झाला की तिला वाटतं प्रसारण बंद पडलं, आणि ती राखीव गाणं लावते.