जोआना साउथकॉटच्या चित्राखालचा मजकूर खोटा आहे

डोक्यावर टोपी, भरलेला वयस्क चेहरा, समोर उघडं बायबल. स्वतःला देवाची संदेष्ट्री म्हणवणाऱ्या इंग्लंडच्या जोआना साउथकॉटचं हे जुनं छापचित्र पुन्हा पुन्हा फिरतं. त्याखालचा मजकूर थोड्याफार फरकानं एकच असतो: ही अडाणी मोलकरीण, तिनं भाड्याचा चित्रकार लावून स्वतःची जाहिरात केली, स्वर्गाचे परवाने विकले, चौसष्टाव्या वर्षी गरोदरपणाचं सोंग केलं आणि शेवटी तिच्या पेटीत निघालं काय, तर पिस्तूल आणि लॉटरीचं तिकीट.

आपल्या पोटी तारणहार जन्मेल हे तिचं भाकीत खोटं ठरलं, यात वाद नाही. पण चुकलेल्या माणसाला लबाड ठरवायचं असेल तर पुरावा लागतो. या मजकुरात तो नाही.

सुरुवात चित्रापासूनच करू. १८१२ साली प्रसिद्ध झालेलं हे चित्र विल्यम शार्पनं काढलं आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. शार्प हा त्या काळच्या इंग्लंडमधला अव्वल दर्जाचा कोरक. राजकारणात जहाल, इतका की १७९४ मध्ये राजद्रोहाच्या संशयावरून प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळानं, त्याची चौकशी केली होती. दुसऱ्याच वर्षी त्यानं रिचर्ड ब्रदर्स या दुसऱ्या स्वयंघोषित संदेष्ट्याचं चित्र कोरलं आणि चित्राखाली स्वतःच्या नावानिशी लिहिलं, की देवानं नेमलेला माणूस हाच, अशा पूर्ण विश्वासानं मी हे कोरतो आहे. पुढे जोआनाचं लिखाण तपासायला जे सात जण एक्सेटरला गेले, त्यांत शार्प होता. म्हणजे चित्र छापलं गेलं तेव्हा तो जवळजवळ दहा वर्षं तिचा अनुयायी होता. ती वारल्यावरही, १८२४ मध्ये स्वतः मरेपर्यंत, त्याची श्रद्धा ढळली नाही. याला भाडोत्री म्हणायचं? जरा चित्राकडेच नीट बघा. डोक्याभोवती तेजोवलय नाही, चेहऱ्याला तारुण्य दिलेलं नाही. समोर बसलेली बाई जशी दिसली तशी त्यानं रेषेरेषेनं उतरवली आहे. मला हे छापचित्र फार मोलाचं वाटतं ते याचसाठी.

लोकांच्या मनातली जोआना मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच चित्रातून आलेली असते. सप्टेंबर १८१४ मध्ये थॉमस रोलंडसननं काढलेल्या व्यंगचित्रात ती डॉक्टरांपुढे घागरा वर करून उभी आहे. ते टवाळीसाठीच काढलं होतं. त्यावरून बाईची पारख कशी करायची?

‘अडाणी’ हा शब्द तर सरळ चूक आहे. १७५० मध्ये डेव्हनमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या जोआनानं घरकाम केलं, गाद्या-खुर्च्या मढवण्याचं काम केलं, हे खरं. पण १८०१ मध्ये स्वतःच्या पैशानं तिनं पहिली पुस्तिका छापली आणि मरेपर्यंत साठाहून अधिक पुस्तिका काढल्या. अक्षर वाईट होतं, म्हणून नंतर ती सांगायची आणि सोबतिणी लिहून घ्यायच्या.

परवान्यांचं प्रकरण थोडं गुंतागुंतीचं आहे. सैतानाचं राज्य संपावं म्हणून केलेल्या अर्जावर जो सही करी, त्याला ती लाखेची मोहर लावलेला कागद देई; हाच तो ‘परवाना’. असे हजारो कागद गेले. ती ते विकते, हा आरोप तिच्या हयातीतच झाला आणि तिनं तो कायम नाकारला. त्यातच लीड्सची मेरी बेटमन ही अनुयायी विषप्रयोगाच्या खुनासाठी १८०९ मध्ये यॉर्कला फाशी गेली. मोहरेची खरी बदनामी झाली ती तिच्यामुळे.

आता गरोदरपण. १८१४ मध्ये तिनं जाहीर केलं की आपल्या पोटी शिलोह, म्हणजे नवा तारणहार, जन्मणार. तिला तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी काहींना, रिचर्ड रीससारख्यांनाही, लक्षणं गरोदरपणाची वाटली. २७ डिसेंबरला ती वारली. मृत्यूनंतर चार दिवसांनी आपलं शरीर उघडून पाहावं, असं तिनंच सांगून ठेवलं होतं. अनुयायांनी तोवर देह उबेत ठेवला, मग शवविच्छेदन झालं आणि मूल नव्हतं हे उघड झालं. सोंग करणारी बाई स्वतःच्या शवविच्छेदनाची तजवीज कशाला करेल?

राहिली पेटी. जोआना आपली भाकितं एका सीलबंद पेटीत ठेवून गेली, असं तिचे अनुयायी मानत. १९२७ मध्ये वेस्टमिन्स्टरला जी उघडली, ती हॅरी प्राइस या भुताखेतांच्या शोधकाकडे आलेली पेटी. ती जोआनाचीच होती हे कधी सिद्ध झालं नाही. चोवीस बिशपांसमोर पेटी उघडावी, ही मूळ अट. तिथे हजर होता एक. तिच्या अनुयायांची बेडफर्डची पॅनेशिया सोसायटी तर त्यानंतरही अनेक वर्षं सांगत राहिली, की खरी पेटी आमच्याकडे आहे आणि ती अजून बंद आहे. त्यामुळे पिस्तूल आणि १७९६ चं लॉटरीचं तिकीट यांवरून फार तर एवढंच कळतं, की प्राइसच्या पेटीत काय होतं.