खुलासा : सेलमधून गळतं ते ॲसिड नव्हे

'जुन्या गेमबॉयमध्ये, रिमोटमध्ये सेलचं ॲसिड गळतं, त्यावर खायचा सोडा लावा' असा मेसेज फिरतोय. अल्कलाइन सेलबाबत तो चुकीचा आहे. त्यातून गळतं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचा पदार्थ). सेल उतरताना आत हायड्रोजन साठतो, सील फुटतं. बाहेर आलेल्या द्रवाची हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडून पांढरी पूड होते. पडताळायचंय? हळद लावलेल्या ओल्या कागदावर किंचित टाका, डाग लालसर होतो. (हातमोजे घालूनच, त्वचेची आग होते.) अल्कलीवर उतारा आंबट पदार्थाचा, म्हणून कापसाच्या काडीने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा, मग स्पिरिटने पुसा. सोडा फारतर जुन्या झिंक-कार्बन सेलसाठी, त्यातला द्रव आम्लधर्मी असतो. स्प्रिंगचा निकेलचा मुलामा उडाला असेल, तर मात्र तो पुसून परत येत नाही. कृपया तो मेसेज पुढे ढकलू नका.