फळं खातोस ना?

१९९४ साली नोकरीसाठी इंग्लंडमधल्या लेस्टरला आलो तेव्हा सांगलीला फोन करणं महाग होतं. रविवारी दहा मिनिटं, तीही घड्याळ समोर ठेवून. आईने विचारलं, "संध्याकाळचा काय करतोस?" पबमध्ये जातो म्हणायची छाती नव्हती आणि आईशी खोटंही बोलवेना. मी म्हटलं, "फ्रूट मशीनवर असतो." आई हरखली. दोन दिवसांत गल्लीभर झालं, पोरगा एवढ्या थंडीतसुद्धा फळं चुकवत नाही.

फळं होतीच, फक्त काचेआड. फ्रूट मशीन म्हणजे पबातलं जुगाराचं यंत्र: नाणं टाकायचं, फळांची चित्रं असलेली चाकं फिरतात, सारखी चित्रं ओळीत आली की पैसे. चेरी, लिंबू, प्लम, कलिंगड. चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने सॅन फ्रान्सिस्कोत तीन चाकांचं 'लिबर्टी बेल' बनवलं तेव्हा त्यावर घंटा, नाल आणि पत्त्यांची चिन्हं होती. फळं नंतर आली. जुगारावरचा कायदा चुकवायला यंत्रं बक्षीस म्हणून च्युइंगगम देऊ लागली आणि फळं म्हणजे त्या गमचे स्वाद. म्हणजे खाण्याची थाप मारणारा मी पहिला नव्हतो.

आमच्या पबातलं यंत्र गोदरेजच्या कपाटाच्या धाकट्या भावासारखं दिसायचं. दहा पेनी टाकल्या की चाकं खडखडत फिरायची. दोन चेरी ओळीत आणि तिसरी बरोब्बर एक घर वर अडकलेली. मग 'नज'चं बटण लुकलुकलं की ते दाबायचं, चाक 'खट्' करून एक घर खाली सरकायचं. त्या 'खट्'साठी मी किती पौंड घालवले ते बायकोला अजून माहीत नाही.

पण खरी मजा मागे उभ्या असलेल्या मंडळींची. कॅरमभोवती जमतात तशी. "होल्ड कर, होल्ड!" म्हणजे ते चाक तसंच धरून ठेव. एक टोपीवाले आजोबा तर स्वतः एक पेनीही न घालता माझ्या पैशावर तज्ज्ञ झाले होते. यंत्राला ठरावीक टक्के परत द्यावेच लागतात, तेव्हा बराच वेळ नुसतं गिळत बसलं की ते देणार, हा त्यांचा सिद्धांत. मी मनात म्हणायचो, पाडाला लागलंय. मी कंटाळून उठलो की कुणीतरी पटकन बसायचं आणि नाणी धो धो पडायची. एकदा चाळीस नाणी मला पडली. खिसा फाटला, पण सगळ्या पबाने मान वळवून पाहिलं.

पुढे काही यंत्रांवर एक पट्टी चिकटली: हे यंत्र कधीकधी असा पर्याय देईल ज्यात खेळणाऱ्याला जिंकायची काहीच संधी नसेल. इतका प्रामाणिक जुगार मी दुसरा पाहिला नाही. "पोहे करू की उपमा?" असं बायको रवा भाजता भाजता विचारते, तिथे कुठे पट्टी असते?

गेल्या महिन्यात भाचा आला. त्याला हे वैभव दाखवायला शनिवारी दुपारी मुद्दाम पबात नेलं. कोपऱ्यात कपाटाऐवजी उभा टीव्ही. चाकं नाहीत, चाकांची चित्रं. आधी त्या टीव्हीनेच विचारलं, कोणता खेळ? वीस-बावीस होते: ड्रॅगन, इजिप्तचे फॅरो राजे, मासे. उडप्याकडचं मेन्यूकार्ड वाचल्यासारखी दहा मिनिटं गेली. चेरी सापडल्या त्या तिसऱ्या पानावर. खिशात जपून आणलेली नाणी तशीच राहिली, कारण भाच्याने वीसची नोट सरकवली. यंत्राने ती जिभेने ओढून घेतली. एका खेळाला एक पौंड, जॅकपॉट शंभर. चहा निवायच्या आत वीस पौंड संपले. कुणी "होल्ड कर" म्हटलं नाही. पबात आठ माणसं होती आणि आठही आपापल्या फोनवर.

"मामा, हे तर माझ्या फोनवरपण आहे," भाचा म्हणाला, "आणि तिथे बसायला सोफा आहे."

तेवढ्यात त्याने आजीला व्हिडिओ कॉल लावला. मी हातवारे करेपर्यंत फोन यंत्राकडे वळला होता. "आजी, हे बघ, मामाचं फ्रूट मशीन!"

आईने चष्मा पुसला, डोळे बारीक केले.

"अगं बाई, नुसती चित्रं? मग इतकी वर्षं हा खात काय होता?"