बारशाच्या फोटोंविषयीच्या अभिप्रायाला स्टुडिओकडून उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या नातीच्या बारशाचे छायाचित्रण आमच्या स्टुडिओने केले, त्याविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी लक्षपूर्वक वाचला. छायाचित्रकाराने फ्लॅश माणसांवर न मारता सतत छताकडे किंवा भिंतीकडे वळवला, हॉलमध्ये पंगतीआधी दिवे मांडण्यात वेळ घालवला, पणजीबाईंचा चेहरा पिवळट आला आणि एका पाहुण्यांच्या मोबाइलमधले फोटो आमच्यापेक्षा उजळ दिसतात, असे आपले म्हणणे असून त्यापोटी आपण निम्मी रक्कम परत मागितली आहे.

फ्लॅश वळवून मारणे, ज्याला आम्ही बाऊन्स म्हणतो, ही जाणीवपूर्वक निवडलेली पद्धत आहे आणि घरगुती कार्यक्रमांना तीच वापरावी असा माझा आग्रह असतो. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशची काच जेमतेम आठ सेंटिमीटर रुंद असते. इतक्या लहान जागेतून थेट चेहऱ्यावर आलेल्या प्रकाशाने कपाळ आणि नाक चमकते, मागच्या भिंतीवर काळीभोर सावली उमटते, आणि पैठणीचा जर व दागिने यांच्या जागी पांढरे डाग दिसू लागतात. तोच प्रकाश पांढऱ्या छतावरून परतून आला, की छताचा कित्येक फूट रुंद भागच दिव्याचे काम करतो आणि सावल्यांच्या कडा विरघळतात; भर दुपारचे ऊन आणि ढगाळ दिवसाचा उजेड यांत जो फरक आहे, तोच येथे असतो.

दुसरे कारण अंतराचे आहे. आपल्या दिवाणखान्यात पाळण्याजवळच्या बायका कॅमेऱ्यापासून साधारण ६ फुटांवर होत्या आणि मागे दाटीने उभी असलेली मंडळी १२ फुटांवर. समोरून फ्लॅश मारला असता, तर दुप्पट अंतरामुळे मागच्यांना पुढच्यांच्या एक चतुर्थांश प्रकाश मिळाला असता, म्हणजे पुढचे चेहरे पांढरेफटक आणि मागचे अंधारात. मात्र अगदी डोक्यावरून आलेल्या प्रकाशाने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, म्हणून छायाचित्रकार फ्लॅशचे तोंड अधूनमधून बाजूच्या भिंतीकडे वळवत होता. आत्याबाई बाळाच्या कानात नाव सांगत आहेत तो फोटो कृपया पुन्हा पाहावा. त्यातला प्रकाश पूर्णपणे डावीकडच्या पांढऱ्या भिंतीवरून आलेला आहे, आणि आत्याबाईंच्या गालावरचा उतार त्यामुळेच दिसतो.

हॉलमध्ये ही पद्धत चालणार नव्हती. घराचे छत १० फुटांवर, तर हॉलचे सुमारे २० फुटांवर आहे. छतापर्यंत जाऊन चेहऱ्यापर्यंत परतण्याची वाट तेथे जवळपास अडीचपट होते आणि ढोबळ हिशेबाने प्रकाशाचा सहावा हिस्सा उरतो. शिवाय तेथे मंचावर गुलाबी कापड ताणलेले होते, आणि ज्यावरून प्रकाश परततो त्याचा रंग तो चेहऱ्यावर घेऊन येतो. म्हणून दोन फ्लॅश स्टँडवर लावून पांढऱ्या छत्र्यांतून प्रकाश दिला. त्यासाठी पंगत थोडी खोळंबली हे खरे, पण दोन्हीकडच्या नातेवाइकांचे गटफोटो त्याशिवाय छापण्याजोगे आले नसते.

फ्लॅशवरची पांढरी प्लास्टिकची टोपी हॉलमध्ये काढून का ठेवली, असेही आपण विचारले आहे. ही टोपी, म्हणजे डिफ्यूझर, प्रकाश चोहोबाजूंना विखुरते; छोट्या खोलीत तो भिंतींवरून परत येतो म्हणून तिचा उपयोग होतो. टोपी फ्लॅशहून फारशी मोठी नसल्याने केवळ ती लावली म्हणून प्रकाश मऊ होत नाही. (आमच्या व्यवसायातले काही जण ती उघड्या मैदानातही लावून फिरतात, तेथे फक्त बॅटरी खर्ची पडते.)

पणजीबाईंच्या फोटोतला पिवळेपणा आपण अचूक टिपला आहे. त्यांच्या खोलीला सागवानी छत आहे आणि बाजूला गडद पडदे, त्यामुळे पांढरा पृष्ठभाग कोठेच नव्हता. थेट फ्लॅश मारला असता तर चष्म्याच्या काचा चकाकून त्यांचे डोळेच दिसले नसते. रंग नंतर दुरुस्त करता येतो, झाकलेले डोळे परत आणता येत नाहीत, म्हणून छायाचित्रकाराने लाकडी छत पत्करले आणि माझ्या मते ते योग्यच केले. आपल्याला पाठवलेले फोटो निवडीसाठीचे प्रूफ आहेत, हे सोबतच्या संदेशात लिहिले होते. आपण निवडलेल्या फोटोंची रंगदुरुस्ती मूळ रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) व्हायची आहे आणि ती ठरलेल्या रकमेतच होते.

मोबाइल एकापाठोपाठ अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो आणि सावल्या आपणहून उजळतो. पडद्यावर ते आकर्षक दिसते. कागदाला स्वतःचा उजेड नसतो, त्यामुळे तुलना छापून करावी. त्या पाहुण्यांचा एक फोटो आणि आमचा त्याच प्रसंगाचा एक, दोन्ही १२ बाय १८ इंचांत स्टुडिओच्या खर्चाने छापून देण्यास मी तयार आहे.

काम ठरल्याप्रमाणे झालेले असल्याने निम्मी रक्कम परत करता येणार नाही. हॉलमधल्या दिव्यांचे आणि मदतनिसाचे शुल्क कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवून आपली संमती घेतली होती. पणजीबाईंचा फोटो मात्र अल्बमची वाट न पाहता याच आठवड्यात दुरुस्त करून पाठवतो. तो पाहून रंग आणखी बदलावासा वाटल्यास अल्बम छपाईला जाण्यापूर्वी कळवावे, ही विनंती.

आपला,
स्टुडिओचालक